मोडीत निघालेली एव्दोकिया

आमची होडी एव्दोकिया मोडायला द्यायची तारीख आली ती नेमकी मंगळवारची. मंगळवारी आमच्या फुर्नी बेटावर कोणी नवी होडी पाण्यात सोडत नाही की मुलीचं लग्न ठरवत नाही. पण मासेमारीच्या कचेरीला वारांचं सोयरसुतक नसतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी बाराच्या आत, होडी शेजारच्या सामोस बेटावरच्या कार्लोवासी बंदरात हजर करावी, असं पत्रात लिहिलं होतं. खाली शिक्का.

त्या वर्षांत सगळीकडे हेच चाललं होतं. समुद्रात मासे कमी झाले आणि होड्या उदंड, तेव्हा होड्या कमी करा, असं वर कुठेतरी ठरलं होतं. जो परवाना परत करील आणि होडी मोडायला देईल त्याला सरकार रक्कम द्यायचं. होडी विकायची नाही, भाच्या-पुतण्याला द्यायची नाही, अंगणात उभी करून तिच्यात फुलझाडंही लावायची नाहीत. मोडायचीच, आणि तीही साहेबासमोर, फोटो काढून. आमच्या बेटावरच्या अकरा होड्या तोवर अशा गेल्या होत्या.

एव्दोकिया माझ्या बापानं बांधली. याकुमीस सुतार म्हटलं की अजून जुनी माणसं मान डोलावतात. सामोसच्या डोंगरातलं झाड तो स्वतः निवडायचा. बुंध्यावर हात ठेवून सांगायचा, ह्या वाकलेल्या फांदीची बरगडी होईल, ह्या सरळीचा कणा. माझ्या लग्नात त्यानं मला घर दिलं नाही, सोनं दिलं नाही. तीस फुटांची होडी दिली आणि तिला माझ्या आईचं नाव ठेवलं. आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. जिवंतपणी मला पाण्यात ढकललंस, म्हणाली.

त्या होडीवर मी आणि माझा नवरा सिदेरीस एकतीस वर्षं राबलो. तो सुकाणूवर, मी जाळ्यांवर. गडी ठेवणं परवडायचं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याइतकं भरभर जाळं कोणी ओढायचंही नाही.

आता एक गोष्ट कबूल करते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. अर्जाच्या कागदावर सही सिदेरीसची होती, पण ती करवून घेतली मी. आमची मुलगी स्मारो अथेन्सजवळ पेरामाला राहते. तिच्या घराच्या वरचा मजला रिकामा झाला होता. आई-बाबा, या की आता, म्हणून ती दर रविवारी फोनवर सांगायची. नातू बोलायला लागला होता आणि मी त्याचा आवाज तारेतून ऐकत होते. इकडे फुर्नीचा हिवाळा म्हणजे सहा दिवस वारा आणि सातव्या दिवशी अंथरुणाला ओल. दोन वर्षं मी सिदेरीसच्या मागे लागले. तो काही बोलायचा नाही. एका संध्याकाळी त्यानं चष्मा लावला, कागद ओढला, सही केली आणि म्हणाला, "घे. झालं तुझ्या मनासारखं." मला वाटलं होतं आनंद होईल. मी भांडी घासायला उठले.

त्यानंतरचे पंधरा दिवस तो होडीतलं सामान वाटत सुटला. मेलेल्या माणसाचे कपडे वाटावेत तसं. जाळी शेजाऱ्यांना, रेडिओ एका चुलतभावाला, हत्यारांची पेटी, जादा दोर, मोठा नांगर. कोणी हातावर पैसे ठेवायला लागलं तर तो पाठ फिरवायचा. शेवटी होडीत उरलं काय, तर एक बादली, एक पक्कड, त्याच्या खिशातला चाकू, लहान नांगर आणि तळातलं पाणी उपसायचा जुना हातपंप. तो फळ्यांना बोल्टांनी असा आवळला होता की काढायला गेलं तर लाकूड सोलवटलं असतं.

मंगळवारी सकाळी तो म्हणाला, तू येऊ नकोस. मी म्हटलं, नवरी होऊन मी तिच्यात चढले, शेवटची उतरणारही मीच. परत यायला संध्याकाळची मोठी बोट होती. दोघांच्या तिकिटांचे पैसे मी एप्रनच्या खिशात ठेवले, भाकरी, ऑलिव्ह आणि चीज फडक्यात बांधलं, आणि सातला आम्ही निघालो. धक्क्यावर चारपाच जण उभे होते. कोणी हात हलवला नाही. एकानं टोपी काढली, ते मला मुळीच आवडलं नाही.

समुद्र तसा बरा होता. वायव्येचा वारा, जोर नाही, पण डोंगरासारखी लांबलचक लाट. सामोसच्या पश्चिमेला केर्किसचा डोंगर सरळ पाण्यातून वर उठतो. त्याच्या पायथ्याशी किनारा नाही, वाळू नाही. नुसता खडक, आणि खडकावर फुटणारं पांढरं पाणी. तिथून सगळे लांबूनच जातात. आम्हीही लांबूनच चाललो होतो.

साधारण दहा वाजले असतील. मी नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे, पाठ करून बसले होते. आमच्या इंजिनाला समुद्राचं पाणी गार ठेवतं. तळातल्या भोकातून पाणी आत येतं, पंप ते इंजिनात ढकलतो, आणि फिरून आलेलं पाणी उजव्या कुशीतल्या नळीतून बाहेर पडतं, कोणी थुंकावं तसं, फच्च, फच्च. एकतीस वर्षं तो आवाज माझ्या कानात. आपल्या श्वासाकडे कोणी लक्ष देत नाही, तसं मी त्याच्याकडे देत नसे. तो थांबला तेव्हा मात्र मला घरातलं कोणी गप्प झाल्यासारखं वाटलं.

"सिदेरीस," मी म्हटलं, "पाणी पडत नाहीये."

त्यानं वाकून नळी पाहिली. थेंब नाही, नुसती वाफ. त्यानं इंजिन मंद केलं आणि वरचं लाकडी झाकण उचललं तशी आतून धग आली, भाकरीच्या भट्टीचं दार उघडल्यासारखी. रंग जळत होता. लोखंडावरच्या हिरव्या रंगाला फोड आले होते. त्यानं लगेच इंजिन बंद केलं. मी बादली समुद्रात बुडवली आणि ओतायला पुढे झाले, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"गार पाणी पडलं तर लोखंड तडकेल. थांब. आपोआप निवू दे."

मग आम्ही थांबलो. इंजिन बंद झालं की समुद्राचा आवाज केवढा मोठा होतो. होडी आडवी झाली आणि लाटेवर कूस बदलायला लागली. सिदेरीस गुडघे टेकून इंजिनाजवळ बसला होता. तापलेल्या लोखंडातून टिक टिक आवाज येत होता आणि तो ते ठोके मोजत असावा. पाव तासानं त्यानं तळातला वाल्व बंद केला, पाणी गाळायचं जाळीचं भांडं पकडीनं उघडलं आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीचा एक लांब तुकडा ओढून काढला. निळा. कुठल्या तरी खताच्या पोत्याचा. तो पाहून मला हायसं वाटलं, कारण चोर सापडला होता. त्यानं भांडं बसवलं, वाल्व उघडला, इंजिन चालू केलं. दोघंही नळीकडे बघत राहिलो. पाणी आलं नाही. त्यानं पुन्हा बंद केलं.

आता पंपच उघडावा लागणार होता. पंपाच्या झाकणाला सहा पितळी स्क्रू. त्यानं चाकूच्या टोकानं एकेक काढला. झाकण अजून गरम होतं. शेवटचा स्क्रू निघताच आतलं उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं. त्यानं नुसता श्वास आत ओढला, हात समुद्रात बुडवला आणि पुन्हा कामाला लागला. पंपाच्या आत रबराचा एक पंखा असतो, तळहातात मावेल एवढा. तोच पाणी पुढे ढकलतो. पाण्याशिवाय कोरडा फिरला की तो जळतो. आमच्या पंख्याच्या सहा पात्यांपैकी दोन उरली होती, आणि तीही लोंबत होती.

"दुसरा आहे ना?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं. दुसरा हत्यारांच्या पेटीत होता, आणि पेटी आता शेजारच्याच्या माळ्यावर.

वारा आम्हाला खडकांकडे नेत होता. घाईनं नाही, पण नेत होता. लहान नांगर सोडून पाहिला, तर तळच लागेना; दोर सगळा संपला आणि नांगर पाण्यात लोंबकळत राहिला. मघाशी खडकावरचं पांढरं पाणी दिसत होतं, आता ते ऐकूही यायला लागलं.

तेवढ्यात थ्रासो आला. थ्रासो म्हणजे सिदेरीसच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला, स्वतःची पोलादी बोट असलेला गडी. रात्रीची मासळी घेऊन तोही कार्लोवासीलाच चालला होता. आम्हाला आडवं पाहून तो वळला आणि वीस हातांवर बोट थांबवली. काय झालं ते सिदेरीसनं दोन शब्दांत सांगितलं. थ्रासोनं जाड दोर उचलला.

"मामा, बांध हा. तासाभरात धक्क्याला लावतो."

"नको," सिदेरीस म्हणाला.

थ्रासोला वाटलं, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. सिदेरीसनं पुन्हा नको म्हटलं.

"अरे मामा, बारा वाजता तिचे तुकडेच होणारेत. ओढत नेली काय आणि चालत नेली काय?"

"ओढत गुरं नेतात," सिदेरीस म्हणाला. "एकतीस वर्षं ही कोणाच्या दोराला लागली नाही. आज लागायची नाही. ती स्वतः जाईल."

"कशानं जाईल? तुझ्या हट्टानं?"

"ते माझं मी बघतो."

थ्रासोनं माझ्याकडे पाहिलं. मामी, तूच सांग ह्याला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि मी सांगणारच होते. मला ते सगळं लवकर संपायला हवं होतं; दोर बांधावा, डोळे मिटून बसावं, संध्याकाळी घरी. मी तोंड उघडलं आणि सिदेरीसकडे पाहिलं. भाजलेला हात छातीशी धरून तो उभा होता. दुसऱ्या हातात तो जळका रबरी पंखा. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दोन वर्षं माझ्यापुढे गप्प राहिलेला. हे पहिलंच काहीतरी त्यानं मागितलं होतं, आणि तेही समुद्राकडे, माझ्याकडे नाही.

"थ्रासो," मी म्हटलं, "दोर ठेव. लागला तर हाक मारीन."

थ्रासोनं कपाळावर हात मारला आणि आमच्या घराण्यात वेड कुठून आलं याबद्दल काही बोलला. पण तो गेला नाही, तिथेच थांबून राहिला. एवढं चांगलं त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

मग मी नवऱ्याकडे वळले, आणि माझा पारा चढलेला होता. "झालं समाधान? आता काय, फुंकर मारून चालवणारेस? इंजिनात पाणी घालायचंय एवढंच ना? मग हा काय मेलाय?" असं म्हणून मी हातपंपाला लाथ मारली.

मी रागानं बोलले होते, उपाय म्हणून नाही. पण सिदेरीस पंपाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा पंपाकडे.

पुढचं त्यानं ज्या वेगानं केलं ते मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. हातपंपाची खालची नळी तळातून उपटून बाजूनं समुद्रात सोडली, तिच्या तोंडाला भाकरीचं फडकं बांधलं, म्हणजे घाण आत यायला नको. वरची नळी इंजिनाच्या पाण्याच्या तोंडाला लावली. ती सैल बसली. मी एप्रनचा बंद फाडून दिला, त्याचे सात वेढे दिले, त्यावर बादलीच्या कडीची तार काढून पिळली. मी दांडा खालीवर केला. आधी हवा, मग गढूळ पाणी, मग कुशीतल्या नळीतून एक गरम, गंजलेली पिचकारी. सिदेरीसनं इंजिनावर तळवा ठेवून पाहिलं. पुरेसं निवलं होतं. त्यानं ते चालू केलं.

"थांबायचं नाही," तो म्हणाला. "तू थांबलीस की ते तापलं."

"तू तुझं सुकाणू बघ."

खडक तेव्हा केवढे जवळ होते सांगू? त्यांच्यावर चिकटलेले शिंपले मी मोजू शकले असते. एव्दोकिया वळली, हळूहळू, नाखुशीनं, आणि मग लाटेला तोंड देऊन निघाली. थ्रासो आमच्या बाजूनं आला, शिव्या घातल्या आणि कामाचे हातमोजे माझ्या अंगावर फेकले. ते मी घेतले. मग तो पुढे निघून गेला, कारण त्याची मासळी उन्हात होती.

दोन तास आणि वर थोडं. दर वीस मिनिटांनी आम्ही जागा बदलायचो. तो पंपावर, मी सुकाणूवर. पण त्याचा हात भाजलेला, त्यामुळे माझीच पाळी लांबायची. इंजिन अर्ध्याच वेगानं चालवायचं, त्याहून जास्त दिलं की पाणी पुरत नसे आणि नळीतून वाफ यायची. मी ताल धरला. खाली, वर, फच्च. खाली, वर, फच्च. पहिल्या अर्ध्या तासात मी सिदेरीसला, कचेरीला, थ्रासोला आणि माझ्या मेलेल्या बापाला शिव्या घातल्या. मग शिव्या घालायला दम उरला नाही. खांद्यात आग, पाठीत आग, हातमोज्यांच्या आत पाण्याचे फोड. आणि कधीतरी मध्येच मला हसू आलं.

का ते सांगणं कठीण आहे. माझ्या हातानं इंजिन चालत होतं. मी ढकललेलं पाणी त्या तापलेल्या लोखंडातून फिरून बाहेर पडत होतं, मला ते दिसत होतं. पेरामाच्या वरच्या मजल्यावर मी काय चालवणार होते? कपडे धुण्याचं मशीन. नातू आठवड्यातून पाच दिवस पाळणाघरात जाणार, मुलगी कामाला, आणि सिदेरीस त्या गच्चीवर खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसणार. हे मला आधी का दिसलं नाही? दिसलं होतं. ओल्या अंथरुणात माणूस दिसलेलं विसरतं.

"काय झालं हसायला?" सिदेरीसनं विचारलं.

"काही नाही. पुढे बघ."

कार्लोवासीला पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. धक्क्याच्या टोकाला पिवळं यंत्र उभं होतं, त्याचा दातांचा पंजा जमिनीवर टेकवलेला. शेजारी सकाळी मोडलेल्या होड्यांचा ढीग. निळ्या-पांढऱ्या फळ्या, मोडलेल्या बरगड्या, अर्ध्या फळीवर नावातली तीन अक्षरं. यंत्राचा चालक सावलीत बसून चीज भरलेली पोळी खात होता. आणि कचेरीचा माणूस, फाईल बगलेत, कॅमेरा गळ्यात, आमची वाट पाहत उभा होता. वाईट माणूस नव्हता तो. उशीर झाला म्हणून ओरडला नाही, उलट वर चढायला मला हात दिला.

"काळजी वाटत होती," तो म्हणाला. "भाचा सांगत होता, इंजिन गेलंय म्हणून. कशाला एवढा त्रास घेतलात, ओढून आणली असती तरी चाललं असतं. कागदात तसं काही नाही."

सिदेरीसनं इंजिन बंद केलं, धक्क्याला दोर बांधला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याच्यापुरतं काम झालं होतं. ती स्वतः आली होती. साहेबानं फाईल उघडून पेन पुढे केलं. सिदेरीसला ते भाजलेल्या हातात घेता येईना म्हणून डाव्या हातात घेतलं.

मी यंत्राच्या चालकाला विचारलं, "इंजिनाचं सामान कुठे मिळतं इथे?"

त्यानं घास चावत बोट दाखवलं. बर्फाच्या कारखान्यामागे, हिरवं दार.

"बाई, तुम्ही कुठे?" साहेब म्हणाला. "फोटोत तुम्हीही उभ्या राहिलात तर बरं."

"आले," मी म्हटलं आणि चालू लागले.

दुकानात एक म्हातारा होता, कानाला दोरीनं बांधलेला चष्मा. होडीतून येताना उचललेला जळका पंखा मी एप्रनच्या खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो नाकाजवळ नेला, वास घेतला, म्हणाला, कोरडा चालवलात. मी म्हटलं, उपदेश नको, असा दुसरा हवाय. त्यानं मागच्या फळीवरचे चार डबे उपसले, मोजपट्टी लावली आणि एक काढला. मग म्हणाला, शहाणी माणसं दोन घेतात, एक लावायला, एक ठेवायला.

माझ्याकडे पैसे होते ते तेवढेच, संध्याकाळच्या बोटीच्या तिकिटांचे. दोन पंख्यांना ते जवळजवळ सगळेच लागत होते. मी काउंटरवर ठेवले.

परत आले तेव्हा सिदेरीस लोखंडी खुंटावर बसला होता. फाईल त्याच्या मांडीवर, पेन हातात, सहीची जागा अजून कोरी. साहेब घड्याळाकडे बघत होता. मी दोन्ही पंखे त्या कागदावर ठेवले.

"हे काय?" सिदेरीस म्हणाला.

"डोळे आहेत ना? हा आज बसव. हा पेटीत ठेव. पेटी मी शेजाऱ्याकडून आणते."

साहेबाला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं शांतपणे समजावलं की आज होडी ताब्यात दिली नाही तर नाव यादीतून निघेल, पुन्हा अर्ज करता येणार नाही आणि रक्कम कायमची जाईल. दोन वर्षांत कोणी असं केलेलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे. तो नवऱ्याकडे वळला.

"कप्तान, परवाना तुमच्या नावावर आहे. तुम्ही बोला."

सिदेरीस माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो दोन वर्षांचं सगळं एकदम बोलणार, आणि बोलला असता तर मला ऐकावंच लागलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "तिकिटांचे पैसे?"

"तुझ्या मांडीवर आहेत."

"मग घरी कसं जायचं?"

"तुला काय वाटतं, कसं जायचं?"

तो हसला नाही. त्याच्या हनुवटीला काहीतरी झालं आणि त्यानं तोंड समुद्राकडे वळवलं. मग नाक पुसून साहेबाला म्हणाला, "मघाशी मी कागद वाचत होतो, म्हणून सही राहिली. आता वाचून झाला. तुमच्याकडे पाना आहे का, दहा नंबरचा?"

साहेबाकडे कुठून असणार. पाना यंत्राच्या चालकाकडे होता. त्यानं पोळी कागदात गुंडाळून ठेवली, यंत्राच्या पायरीखालून पेटी काढली आणि होडीत उतरला. सकाळपासून दोन मोडल्या, म्हणाला. एखादी जुळवायला बरं वाटतं. दोघांनी मिळून अर्ध्या तासात पंखा बसवला, नळ्या जागच्या जागी लावल्या. माझा एप्रनचा बंद त्यानं परत दिला, काळा झालेला. मी तो समुद्रात टाकला.

साहेबाला मात्र काहीतरी लिहिणं भाग होतं. होडी हजर झाली, पण स्वाधीन केली नाही, असं त्यानं लिहिलं, आणि पुढच्या रकान्याशी अडखळला. तिथे कारण विचारलं होतं.

"लिहा, बायको देत नाही," मी म्हटलं.

शेवटी त्यानं 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि सिदेरीसची सही घेतली.

इंजिन चालू झालं, नळीतून पाणी पडलं, चालकानंच आमचा दोर सोडला. परतीच्या वाटेवर मी फळ्यांवर आडवी झाले आणि केर्किस मागे पडेपर्यंत झोपले. सिदेरीसनं मला उठवलं नाही. फुर्नीच्या धक्क्याला लागलो तेव्हा ऊन कलत होतं आणि सकाळची टोपीवाली माणसं तिथेच होती. टोपी काढणाऱ्याला मी म्हटलं, घाल आता, सर्दी होईल.

त्यानंतरचं सगळं गोड झालं असं नाही. एका शेजाऱ्यानं जाळी परत दिली नाही. दिलेलं मागतात का, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. आम्ही हिवाळाभर जुनी जोडून नवी जाळी विणली. रक्कम गेली ती गेलीच. माझा उजवा खांदा तेव्हापासून डोक्याच्या वर जात नाही. स्मारोनं ऐकलं आणि फोन ठेवून दिला; पेरामाच्या वरच्या मजल्यावर तिनं भाडेकरू ठेवला, तेही मला नाताळात दुसऱ्याकडून कळलं.

ईस्टरला ती नातवाला घेऊन आली. तीन दिवस घरात धुसफूस. चौथ्या दिवशी तिनं धक्क्यावर मला गाठलं. मी धक्क्याला लागलेल्या होडीत बसून जाळं साफ करत होते. आई, तू बाबांचं म्हातारपण त्या लाकडात घातलंस, ती म्हणाली, आणि स्वतःचंही. तिचं चुकीचं नव्हतं. पण मी काही तिची समजूत घालायला बसले नाही.

"आत ये, तिकडे सरकून बस," मी म्हटलं. "आणि चपला काढ. फळ्या आत्ताच धुतल्यात."